हिप्परग्याचे हेडमास्तर

मराठवाड्यात शिकलेल्या माणसाला १७ सप्टेंबरचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पंधरा ऑगस्ट होऊन महिना उलटला की पुन्हा एकदा पांढरा गणवेश निघायचा, पुन्हा प्रभातफेरी, पुन्हा ध्वजवंदन. टेबलावर हार घातलेली एक तसबीर असायची. भगवी वस्त्रे, शांत चेहरा. वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने त्या तसबिरीकडे हात करून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी स्वामी रामानंद तीर्थ, अशी सुरुवात केलेली आहे. मी तर तीन वर्षे केली. पुढे नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर ऑफिसातल्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा कुणालाही आपल्याकडे दोनदा ध्वजवंदन का होते याची कल्पना नव्हती.

आपल्या भाषणांमध्ये एक उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जायचा. स्वामीजी आधी शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, एवढेच आपण म्हणायचो आणि लगेच सत्याग्रहाकडे वळायचो. कारण टाळ्या तिथे पडायच्या. ते हिप्परगा म्हणजे हिप्परगा (रवा), आज आपल्याच लोहारा तालुक्यातले गाव. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने नांदेडला विद्यापीठ आहे आणि अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे, तो माणूस ऐन पंचविशीत आपल्या शेजारच्या गावात येऊन मुलांना शिकवत होता. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा ठरवले की आपल्या बॅचच्या आठवणी बाकीचे लिहितीलच. आपण त्या एका ओळीत उरकलेल्या वर्षांवर आणि त्या वर्षांमुळे घडलेल्या आयुष्यावर लिहावे.

सोलापूरचा विद्यार्थी

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. माध्यमिक शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. सोलापूर म्हणजे आपल्या भागासाठी तेव्हाही मोठे शहर. गिरण्या होत्या, छापखाने होते, वर्तमानपत्रे येत होती, सभा होत होत्या. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होते आणि तिथून थोडे पूर्वेला आले की निजामाचे राज्य सुरू व्हायचे. एका बाजूला लोकमान्यांच्या भाषणांची चर्चा आणि दुसऱ्या बाजूला सभा घ्यायलाही परवानगी लागणारा मुलूख, असा तो सीमेवरचा प्रदेश होता.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. व्यंकटेश तेव्हा सतरावे पूर्ण करायच्या आत होता. त्या दिवशी त्याने आजन्म अविवाहित राहून देशाचे काम करण्याची प्रतिज्ञा केली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या प्रतिज्ञा किती टिकतात हे आपले शिक्षक आपल्यापेक्षा चांगले जाणतात. ही टिकली, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

त्याच सुमारास गांधीजींची असहकाराची हाक आली. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घाला, असा त्या कार्यक्रमाचा एक भाग होता. व्यंकटेशने सरकारी शिक्षण सोडले. पुढे अमळनेर आणि मग पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असा त्याच्या शिक्षणाचा प्रवास झाला. टिळकांच्या स्मृत्यर्थ १९२१ मध्ये सुरू झालेले हे विद्यापीठ राष्ट्रीय शिक्षणासाठी होते. तिथून त्याने पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पण ती पदवी इंग्रज सरकारच्या हिशेबी पदवीच नव्हती. तिच्यावर सरकारी नोकरी मिळणार नव्हती, वकिली करता येणार नव्हती. आपल्याकडे दहावीचा निकाल लागल्यावर घराघरात जी एकच चर्चा सुरू होते, की या मार्कांवर कुठे प्रवेश मिळेल आणि पुढे कुठे नोकरी लागेल, ती चर्चा आठवा. बाजारात न चालणारे शिक्षण जाणूनबुजून घेणे म्हणजे काय, हे मग नीट कळते.

शिक्षण संपल्यावर काही काळ ते कामगार चळवळीत होते. कामगारांचे ज्येष्ठ नेते आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. कामगारांचे प्रश्न, कायद्याचे मसुदे, पत्रव्यवहार यांची शिस्त त्यांना तिथे लागली. पुढे आजारपणाने ते काम सुटले. आणि १९२९ मध्ये ते हिप्परग्याला आले.

शाळा कशासाठी काढली?

हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्याआधी आठ वर्षे, म्हणजे १९२१ मध्ये सुरू झाली होती. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिच्या स्थापनेमागचे प्रमुख. एका खेड्यात, तेही निजामाच्या राज्यात, सरकारशी संबंध नसलेली शाळा काढायची म्हणजे काय, हे समजण्यासाठी तेव्हाची परिस्थिती थोडी पाहावी लागेल.

निजामाच्या राज्यात तीन मोठे भाषिक विभाग होते: तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकाचे जिल्हे. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलणारी. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. वरच्या वर्गांतले शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आज सगळे उच्च शिक्षण इंग्रजीतून चालते तिथे एका भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवले गेले, ही गोष्ट म्हणून मोठी होतीच. पण घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत गणित, इतिहास, भूगोल सगळे परक्या भाषेत समजून घ्यावे लागे. त्यामुळे बहुतेक मुले शिक्षणाच्या वाटेवर फार पुढे जातच नसत. मुळात शाळा थोड्या, त्यातून खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. आणि ही परवानगी सहज मिळत नसे.

अशा राज्यात लोकांनी स्वतःच्या हिमतीवर ज्या शाळा काढल्या, त्यांना वेगळेच महत्त्व आले. हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन ही त्यांतली काही नावे. या सगळ्या शहरांतल्या शाळा. हिप्परगा मात्र खेडे. तिथल्या शाळेला ना रेल्वे जवळ, ना बाजारपेठ, ना वकील-व्यापाऱ्यांची वस्ती. गावाच्या आणि पंचक्रोशीच्या जिवावर ती उभी राहिली.

राष्ट्रीय शाळा हा शब्द आज ऐकताना आपल्याला एखाद्या संस्थेचे भारदस्त नाव वाटते. तेव्हा त्याचा अर्थ अगदी नेमका होता. सरकारचे अनुदान नाही, सरकारची मान्यता नाही, सरकारचा अभ्यासक्रम नाही. मातृभाषेतून शिकवायचे, देशाचा इतिहास शिकवायचा, हाताने काम करायला लाज वाटू द्यायची नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याला सरकारदरबारी किंमत नाही हे माहीत असून आई-वडिलांनी मुले तिथे घातली. त्यांच्या या विश्वासाबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. मला तो शाळेच्या स्थापनेइतकाच मोठा वाटतो.

मुख्याध्यापक संन्यासी होतो

टिळक विद्यापीठाचे एम. ए. झालेला, मुंबई-दिल्लीचे वारे प्यायलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण अशा शाळेचा मुख्याध्यापक झाला. दोघांचे जमले यात नवल नाही. शाळेच्या दाखल्याला किंमत नव्हती आणि मुख्याध्यापकाच्या पदवीलाही नव्हती. राहिली ती फक्त शिकण्याची आणि शिकवण्याची किंमत.

हिप्परग्यात ते सुमारे सहा वर्षे होते. या काळात दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे शाळेभोवती माणसे जमली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी सहकारी इथेच त्यांच्याबरोबर आले आणि पुढे जन्मभर बरोबर राहिले. परांजपे पुढे मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनातले मोठे नाव झाले, बीडमधून लोकसभेवरही निवडून गेले. पण या मैत्रीची सुरुवात एका खेड्यातल्या शाळेच्या शिक्षकखोलीत झाली. शिक्षकांनी एकमेकांना निवडणे ही कुठल्याही शाळेच्या आयुष्यातली मोठी घटना असते. आपल्या शाळेतही काही सरांची आणि बाईंची अशी जोडी होती, की एकाचा तास संपून दुसऱ्याचा सुरू झाला तरी विषय तुटत नसे. वाचणाऱ्यांना नावे सांगायची गरज नाही.

दुसरी घटना म्हणजे त्यांचा संन्यास. हिप्परग्यात असतानाच व्यंकटेश खेडगीकरांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील नारायणस्वामींकडून दीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास म्हणजे घर सोडणे, गाव सोडणे, जगापासून दूर जाणे, अशी आपली समजूत. त्यांच्याकडे सोडण्यासारखे घर-संसार नव्हताच. संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत, शाळेतच राहिले. वस्त्रांचा रंग बदलला आणि वेळापत्रक तेच राहिले. भगव्या वस्त्रांतला मुख्याध्यापक हजेरी घेतो आहे, वर्ग घेतो आहे, शाळेच्या खर्चाची जुळवाजुळव करतो आहे, हे दृश्य त्या वेळच्या हिप्परगेकरांना कसे वाटले असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते. गावाने ते स्वीकारले, एवढे खरे.

पुढे राजकारणात त्यांच्या या वस्त्रांकडे अनेकांनी संशयाने पाहिले. धर्माच्या नावाने लढा पेटवणारा एक साधू, असे त्यांचे चित्र रंगवणे विरोधकांना सोयीचे होते. पण त्यांनी काढलेल्या आणि वाढवलेल्या शाळांपासून राजकीय संघटनेपर्यंत कुठेही धर्मावरून दार बंद नव्हते. संन्यास ही त्यांची वैयक्तिक बाब होती. सार्वजनिक कामात त्याचा उपयोग एवढाच झाला, की या माणसाला स्वतःसाठी काही नको आहे, हे कुणाला पटवून द्यावे लागले नाही.

अंबाजोगाई

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला गेले. निजामाच्या दप्तरी गावाचे नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. परांजपेही तिथे आले. हिप्परग्यात जे लहान प्रमाणावर करून पाहिले होते, ते आता मोठ्या गावात, अधिक मुलांसह सुरू झाले. आमच्या संगणकाच्या क्षेत्रात कुठलीही नवी प्रणाली आधी थोड्या लोकांत चालवून बघतात, तिच्यातले कच्चे दुवे शोधतात आणि मगच ती सगळीकडे नेतात. हिप्परग्याची ती सहा वर्षे मला तशी वाटतात. फरक एवढाच, की आमच्याकडे चुकले तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येते. त्यांच्याकडे परतीची सोय नव्हती.

अंबाजोगाईत शाळा वाढत गेली तशी अडचणही स्पष्ट होत गेली. शाळेत मुलाला स्वाभिमान शिकवायचा आणि शाळेबाहेर पडल्यावर त्याला बोलायला, सभा घ्यायला, संघटना काढायला बंदी, हे फार काळ बरोबर चालणार नव्हते. राज्यात राजकीय संघटनेला जागा नव्हती. म्हणून तेलुगू, मराठी आणि कन्नड भागांतल्या लोकांनी आपापल्या भाषेच्या नावाने परिषदा काढल्या होत्या. आंध्रांची परिषद आधीपासून होती. मराठवाड्याची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली. पुढचे अधिवेशन लातूरला झाले. भाषा, शिक्षण, शेतकऱ्यांचे प्रश्न अशा विषयांतून हळूहळू जबाबदार राज्यपद्धतीची मागणी पुढे येत होती. महाराष्ट्र परिषदेचे चिटणीस म्हणून काम करता करता स्वामीजींना ठरवावे लागले, की शाळा की चळवळ. १९३८ मध्ये त्यांनी मुख्याध्यापकपद सोडले.

शिक्षक राजकारणात गेला, असे या घटनेचे वर्णन करतात. मला ते तसे दिसत नाही. वर्गात जे शिकवले त्याची किंमत मुलांना मोजावी लागणार हे दिसत असताना गुरुजी त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

१९३८: पहिली लढाई

हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याच्या आधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्माला येण्याआधीच बेकायदा ठरलेली ती संघटना. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाची पहिली तुकडी निघाली. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भागांतले सत्याग्रही या लढ्यात होते. पाठोपाठ काही दिवसांतच स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांना तुरुंगात टाकण्यात आले.

त्याच हिवाळ्यात विद्यार्थ्यांचा वंदे मातरम् लढा पेटला. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याला बंदी झाली, विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि औरंगाबाद, हैदराबाद येथील मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. नागपूरला शिकायला गेलेल्या त्या मुलांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव नावाचा एक तेलुगू विद्यार्थी होता. तो पुढे स्वामीजींचा कार्यकर्ता झाला. १९९३ मध्ये आपल्याकडे भूकंप झाला, तेव्हा तोच विद्यार्थी देशाचा पंतप्रधान होता.

या लढ्यातली एक गोष्ट आज मुद्दाम सांगायला हवी. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह निजामाविरुद्ध चालू होते. त्यांच्या मागण्या प्रामुख्याने धार्मिक स्वातंत्र्याच्या होत्या. स्टेट काँग्रेसची मागणी सगळ्या प्रजेला जबाबदार असे सरकार, ही होती. दोन्ही लढे लोकांच्या मनात एकच होऊन बसतील आणि राजाविरुद्धची लढाई धर्माविरुद्धची ठरेल, ही भीती होती. गांधीजींचाही सल्ला तसाच होता. म्हणून डिसेंबर १९३८ मध्ये, ऐन जोरात असलेला सत्याग्रह स्टेट काँग्रेसने स्थगित केला. स्वतः तुरुंगात असलेल्या माणसांना हा निर्णय किती जड गेला असेल! पण आपण कशासाठी लढतो आहोत याबद्दल घोटाळा नको, यासाठी थांबणे, हेही त्या लढ्याचा भाग होते.

पुन्हा पुन्हा तुरुंग

पुढची दहा वर्षे तुरुंग आणि संघटना यांच्यातच गेली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह आणि पुन्हा तुरुंगवास. १९४२ च्या आंदोलनात पुन्हा तेच. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि जून १९४७ मध्ये हैदराबादेत तिचे पहिले उघड अधिवेशन झाले. अध्यक्षस्थानी स्वामीजी होते. इंग्रज जाणार हे ठरले होते आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी आपले राज्य भारतात विलीन करायला नकार दिला होता. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या मागणीसाठी पाळला गेला. १५ ऑगस्टला सगळा देश झेंडावंदन करत असताना हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवणे गुन्हा होता. स्वामीजींनी तो हैदराबादेत फडकवला आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाल्यावर सुटका, आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक.

बाहेर कासिम रझवीचे रझाकार मोकाट सुटले होते. रझवी मूळचा लातूरचा वकील. म्हणजे तो काही दूरचा नव्हता. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे त्या वर्षी सीमा ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. सीमेवर शिबिरे उभी राहिली. तिथे गेलेल्या तरुणांत शाळा-महाविद्यालये सोडलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. आपल्या आजी-आजोबांनी रझाकारीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत असे आपल्या वर्गात कुणाचे घर नसेल.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिने ताब्यात घेतला आणि उमरग्याच्या वाटेने ती पुढे हैदराबादकडे गेली. ज्या रस्त्याने आपण एस. टी. ने सोलापूरला जात होतो, तोच हा रस्ता. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

इथे आपली शाळेतली भाषणे संपायची. पण इतिहास तिथे संपत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक गावांत सूड उगवला गेला आणि त्यात निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरे. त्याच ऑगस्टमध्ये, विलीनीकरणाची बाजू घेतली म्हणून रझाकारांनी शोएबुल्ला खान या तरुण मुसलमान संपादकाचा खून केला होता. हा लढा एका धर्माचा दुसऱ्याविरुद्ध नव्हता याची त्याहून मोठी साक्ष कोणती असेल? १९३८ मध्ये सत्याग्रह थांबवताना ज्या गोष्टीची भीती होती, ती दहा वर्षांनी आपल्याच गावांत घडली. आपल्या वर्गात दोन्हीकडच्या घरांतली मुले एका बाकावर बसत होती. म्हणून हे लिहिणे मला गरजेचे वाटले.

विजयानंतरचा माणूस

लढा जिंकल्यानंतर माणूस काय मागतो यावरून त्याची ओळख पटते. स्वामीजींनी सरकारात कुठलेही पद घेतले नाही. कुळांना जमिनीचे हक्क मिळावेत, जहागिरी जाव्यात, यासाठी त्यांनी आग्रह धरला. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा आला. पक्षात त्यांच्या मतांना विरोध होता आणि गटबाजीही होती. सत्तेच्या वाटपात ते मागे पडले. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले.

हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे विभागले जावे, ही भूमिका त्यांनी ठामपणे मांडली. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी उभे आयुष्य घातले, ते राज्यच नकाशावरून पुसावे असे म्हणणे सोपे नाही. पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. लोकांचा कारभार आणि मुलांचे शिक्षण त्यांच्या भाषेत व्हायला हवे. हिप्परग्याच्या शाळेने १९२१ मध्ये जे धरले होते, तेच हे सूत्र. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

राजकारणाच्या या धामधुमीतही शिक्षणसंस्था उभारण्याचे त्यांचे काम थांबले नव्हते. मुक्तीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५० मध्ये, नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातल्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचे तर बहुधा हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागे. आज आपल्यापैकी कितीतरी जण नांदेड, लातूर, अंबाजोगाईला शिकून डॉक्टर-इंजिनियर झाले. त्या वाटेवरचे सुरुवातीचे दगड या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रचले.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचे निधन झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. मागे मालमत्ता नव्हती, वारस नव्हता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. बाजारात न चालणारी पदवी घेतलेल्या माणसाच्या नावाने आता दरवर्षी हजारो पदव्या दिल्या जातात.

आपल्या शाळेसाठी

या सगळ्याचा आपल्या संमेलनाशी काय संबंध, असे कुणी विचारेल. मला तो असा दिसतो.

३० सप्टेंबर १९९३ नंतरचे महिने आपल्या बॅचला विसरता येणार नाहीत. सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच कोसळली होती. आपल्या गावातही घरात झोपायची हिंमत कुणाला होत नव्हती. शाळेच्या भिंतींना तडे गेले म्हणून वर्ग आधी झाडाखाली आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये भरले. दुपारी पत्रा तापायचा, पाऊस आला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. ज्या शिक्षकांची स्वतःची घरे पडली होती, तेही फळा घेऊन उभे राहिले. कुणाच्या घरी माणूस गेला आहे हे त्यांना माहीत असायचे आणि त्या मुलाला त्या दिवशी प्रश्न विचारला जायचा नाही. माझा बीजगणिताचा पाया त्या शेडमध्ये पक्का झाला. आज मी ज्या कामावर पोट भरते ते त्याच पायावर उभे आहे. इमारत नव्हती, शाळा होती.

हिप्परग्याचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा हेच जाणवले. त्या शाळेला मान्यता नव्हती, पैसा नव्हता, सरकारचा आधार नव्हता. तिथे एक चांगला शिक्षक आला, त्याने आणखी काही शिक्षक जोडले, आणि त्यांच्या कामाचा परिणाम एका राज्याच्या भवितव्यावर झाला. आपल्या भागात लहान शाळांची पटसंख्या घटते आहे. ज्यांना परवडते ते मुलांना लातूर-सोलापूरला ठेवतात. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले आपल्याच शाळेत येणार आहेत. त्यांच्या वाट्याला आपल्याला मिळाले तसे शिक्षक येणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

या संमेलनात निधी जमणार आहे. प्रवेशद्वाराला कमान, आवारात फरशी, सभागृहाला रंग, अशा सूचना आल्याचे समजले. यातले काहीही वाईट नाही. माझी विनंती एवढीच, की निधीचा काही हिस्सा शिकवण्यावर खर्च व्हावा. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर ती भरेपर्यंतच्या मानधनाची सोय असावी. ग्रंथालयाची पुस्तके कुलूपबंद कपाटातून बाहेर येऊन रोज उघडी असावीत आणि त्यासाठी एक माणूस असावा. आम्ही जे संगणकाच्या क्षेत्रात आहोत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार पुण्याहून किंवा हैदराबादहून ऑनलाइन तास घ्यावा. मी माझा शनिवार आत्ताच लिहून देते.

आणखी एक. येत्या १७ सप्टेंबरला आठवी-नववीच्या मुलांना एक दिवस हिप्परग्याला न्यावे. अंतर फार नाही, शाळेची एक गाडी पुरेल. ज्या गावात स्वामीजी वर्ग घेत होते ते गाव त्यांनी पाहावे, तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, ऐकलेले लिहून काढावे. पुढच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत एखादी मुलगी उभी राहील आणि हिप्परग्याच्या हेडमास्तरांबद्दल एका ओळीपेक्षा जास्त बोलेल. ते ऐकायला आपण सगळ्यांनी यावे.